सरहद्दीची बखर

दिवाळीत पोरांच्या हाती येणारे टिकल्यांचे पिस्तूल एकदा निरखून पाहावे. लांब नळी, फिरते चाक, मागे वळलेली मूठ. हे हत्यार मावळ्याचे नव्हे, की आपल्या नाक्यावरच्या शिपायाचेही नव्हे. ते आहे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गुराख्याचे, म्हणजे काउबॉयचे. सातासमुद्रांपलीकडच्या गुराख्याचे हत्यार आपल्या अंगणात कसे आले, असे कुणी विचारले तर उत्तर एकच : सिनेमाच्या पडद्यावरून.

‘वेस्टर्न’ म्हणून ओळखले जाणारे हे चित्रपट आपल्याकडे मोठ्या हौसेने पाहिले गेले. १९६९ सालचा ‘मॅकेनाज गोल्ड’ तर भारतात अफाट चालला. ज्यांना त्यातला एक संवाद कळत नव्हता, त्यांनाही त्यातले घोडे आणि कडे पुरेसे होते. १९७५ च्या ‘शोले’तले रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत वसवलेले असले, तरी त्या गावाची कुळी शोधत गेल्यास आपण अमेरिकेतच पोचतो.

त्या गावाचे चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच. ओसाड माळ, धुळीचा एकुलता रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरे, एक दारूचा गुत्ता. कायदा दूर कुठेतरी राहिलेला. अशा ठिकाणी कुठूनसा एक अबोल घोडेस्वार येतो, भर दुपारी दुष्टांचा निकाल लावतो आणि कुणाचे आभार न घेता क्षितिजाकडे निघून जातो. मागे राहतो तो सुखी गाव आणि शाळेची घंटा.

हे चित्र खरे किती? आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनी बखरींना अस्सल पत्रांसमोर उभे केले आणि बखरी कुठे कुठे घसरतात ते दाखवून दिले. वेस्टर्न चित्रपट ही अमेरिकेच्या सरहद्दीची बखरच आहे. तिच्यासमोर कागद ठेवून पाहायला हरकत नाही. मात्र या बखरीची एक तऱ्हा निराळी आहे. आपल्या बखरी बहुधा प्रसंग होऊन गेल्यावर, कधी कधी दोन-तीन पिढ्यांनी लिहिल्या गेल्या. अमेरिकन सरहद्दीची बखर प्रसंग घडत असतानाच रचली जात होती. ज्यांनी प्रसंग घडवले तेच ती रंगवीत होते. आणि जे त्या प्रसंगात हरले, त्यांनाही आपल्या पराभवाचे सोंग घेऊन तीत उभे राहावे लागले.

घोड्यामागचे दफ्तर

इथे सरहद्द म्हणजे दोन देशांमधली सीमा नव्हे. गोऱ्या वसाहतकारांची वस्ती जिथे संपते ती रेषा म्हणजे सरहद्द. ही रेषा पश्चिमेकडे सरकत गेली, आणि तिच्या सरकण्याची कथा म्हणजे वेस्टर्न. पडद्यावर ती रेषा एकेकटा माणूस आपल्या मनगटाच्या जोरावर सरकवतो. कागद काय सांगतात? १८०३ साली अमेरिकन सरकारने लुइझियाना नावाचा अवाढव्य मुलूख फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला विकत घेतला. तिथे राहणाऱ्या मूळ जमातींना या व्यवहारात कुणी विचारले नाही. १८४६ ते १८४८ या काळात मेक्सिकोशी युद्ध करून नैर्ऋत्येचा मुलूख आणि कॅलिफोर्निया मिळवला. १८६२ साली होमस्टेड कायदा झाला : पाच वर्षे जमीन कसा, किरकोळ फी भरा, १६० एकर तुमचे. १० मे १८६९ रोजी युटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ जुळले. ती रेल्वे घालणाऱ्या कंपन्यांना सरकारने रुळांच्या दुतर्फा जमिनी बहाल केल्या होत्या. पश्चिमेकडून आलेला मार्ग हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे कडे फोडून घातला, आणि १८८२ साली कायदा करून नव्या चिनी मजुरांना देशाचे दार बंद करण्यात आले.

एवंच, घोडेस्वार पुढे दौडत होता हे खरे. पण त्याच्यामागे मोजणीदार होता, त्याची साखळी होती, खतपत्रे होती, रेल्वेचे भागधारक होते आणि पगारी फौज होती. पडद्यावर घोडा दिसतो. दफ्तर दिसत नाही.

आता खुद्द काउबॉयकडे वळू. त्याचा सुवर्णकाळ जेमतेम वीस वर्षांचा. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासात गुरे उदंड होती आणि गिऱ्हाईक नव्हते. उत्तरेच्या शहरांत नेमके उलट. १८६७ पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीन या रेल्वे स्टेशनापर्यंत गुरांचे तांडे हाकत नेणे सुरू झाले. काम असे : महिनोन्‌महिने खोगिरावर, पावसात नि धुळीत, रात्रपाळीचा पहारा, गुरे बिथरली की जीव मुठीत. पगार महिना पंचवीस ते चाळीस डॉलर. १८८३ साली टेक्सासच्या काउबॉयनी पगारवाढीसाठी चक्क संप केला होता. आजवरच्या शेकडो वेस्टर्नांत संपावर गेलेला नायक शोधायला गेलात तर बराच वेळ जाईल.

त्याची विद्याही त्याने मेक्सिकन गुराख्यांकडून उचललेली. लासो, रँच, रोडिओ हे सारे शब्द स्पॅनिश. आणि त्याचा रंग? या तांड्यांवर काम करणाऱ्यांत चारांत एक काळा असावा असा अंदाज इतिहासकार देतात. त्यांतले कितीएक गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. हॉलिवुडच्या पडद्यावर मात्र कित्येक दशके नायक गोराच राहिला. पुढे काटेरी तार आली – जोसेफ ग्लिडनला १८७४ साली तिचे पेटंट मिळाले – मोकळी कुरणे बंदिस्त झाली, १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात लाखो गुरे गोठून मेली, आणि तो धंदाच संपला.

राहता राहिले पिस्तूल. कॅन्ससमधल्या गुरांच्या पाच बाजारगावांत १८७० ते १८८५ या काळात झालेल्या खुनांची मोजदाद रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने केली. भरले एकंदर पंचेचाळीस. म्हणजे गावागणिक हंगामाला सरासरी दीड. एखाद्या मध्यम प्रतीच्या वेस्टर्नमध्ये मध्यंतरापूर्वीच याहून अधिक माणसे पडतात. याला कारण होते. डॉज सिटीसारख्या गावात वेशीतून आत येताच हत्यार बाळगायला मनाई असे. तशा पाट्याच लावलेल्या असत. ॲरिझोनातल्या टूम्स्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली ‘ओ. के. कोराल’ची जगप्रसिद्ध चकमक पेटली तीही असाच एक नगरपालिकेचा नियम बजावताना. गावात हत्यार घेऊन फिरणाऱ्यांची हत्यारे काढून घ्यायला मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे दोघे भाऊ आणि डॉक हॉलिडे गेले. अर्ध्या मिनिटात तिघे ठार. तीही कोरालात म्हणजे गोठ्यात नव्हे, जवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर. त्या अर्ध्या मिनिटाला हॉलिवुडने पुढे कितीतरी तास दिले.

अंगरखा नटाचा, रक्त खरे

या बखरीचा पहिला मोठा बखरकार म्हणजे विल्यम कोडी, ऊर्फ बफेलो बिल. जन्म १८४६. रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी त्याने अठरा महिन्यांत ४,२८० गवे मारले, असा त्याचा स्वतःचा हिशेब. १८६९ साली नेड बंटलाइन या लेखकाने त्याला कादंबरीचा नायक केले. १८७२ पासून तो रंगभूमीवर स्वतःचीच भूमिका करू लागला. उन्हाळ्यात फौजेचा वाटाड्या, हिवाळ्यात नट, असा त्याचा दुहेरी संसार.

१८७६ च्या उन्हाळ्यात हे दोन्ही संसार एक झाले. दक्षिण डाकोटातले ब्लॅक हिल्स हे डोंगर १८६८ च्या तहाने अमेरिकन सरकारने सू लोकांना – म्हणजे लाकोटा आणि त्यांच्या भाऊबंदांना – कायमचे लिहून दिले होते. १८७४ साली तिथे सोने सापडल्याची वार्ता आली. ती आणली जनरल कस्टरच्या पथकाने. सोन्याच्या वार्तेपुढे तह टिकला नाही. युद्ध पेटले, आणि २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायन योद्ध्यांनी कस्टरचा फडशा पाडला. अडीचशेहून अधिक सैनिक पडले. देशभर सूडाची हाक उठली.

कोडी नाटक टाकून फौजेत दाखल झाला होता. १७ जुलैच्या सकाळी नेब्रास्कात शायन स्वारांशी गाठ पडणार असे दिसताच त्याने अंगावर चढवला तो रंगभूमीवरचा पोशाख : काळ्या मखमलीचा, तांबड्या गोटाचा, चांदीच्या गुंड्यांचा. त्या वेषात त्याने ‘पिवळ्या केसांचा’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका शायन तरुणाला ठार केले, त्याची शेंडी टाळूसकट कापली आणि कस्टरचा सूड घेतल्याची घोषणा केली. त्याच वर्षी हा प्रसंग नाटक होऊन रंगभूमीवर आला. नायक तोच, पोशाख तोच.

या सकाळीपाशी थोडे थांबले पाहिजे. पुढे होणाऱ्या नाटकाचे कपडे घालून माणूस खऱ्या लढाईत उतरतो, म्हणजे मारताना त्याच्या मनापुढे प्रेक्षक बसलेले असतात. मरणाऱ्याला मात्र यातले काही ठाऊक नसते.

१८८३ साली कोडीने ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचा आपला प्रचंड ताफा उभारला. घोडे, गवे, नेमबाज, टपालगाडीवरचा हल्ला, आणि त्यात हरणारे ‘इंडियन’ – कोलंबसाच्या चुकीने आपले नाव ज्यांना कायमचे चिकटले ते मूळ रहिवासी – खरेखुरे. १८८५ साली या ताफ्यात कोण सामील झाले असेल? लाकोटांचा थोर नेता सिटिंग बुल. आठवड्याला पन्नास डॉलर, शिवाय आपली छायाचित्रे विकण्याचा हक्क. चार महिने तो रिंगणात घोड्यावरून फेरी मारत होता. कुठे लोक त्याची हुर्यो करीत, कुठे टाळ्या वाजवीत. मिळालेल्या पैशांपैकी बराचसा तो रस्त्यावरच्या फाटक्या पोरांना वाटून टाकी, अशी आठवण त्याची सहकारी नेमबाज ॲनी ओक्ले हिने सांगितली आहे. निरोप घेताना कोडीने त्याला ताफ्यातला एक करडा घोडा भेट दिला.

पाच वर्षांनी लाकोटांच्या राखीव मुलखात ‘घोस्ट डान्स’ नावाचा एक धर्मपंथ पसरला. हे नृत्य केले की मेलेले पूर्वज परत येतील, नाहीसे झालेले गवे परत येतील, ही त्यामागची श्रद्धा. उपाशी माणसांची ती आशा सरकारला बंडासारखी वाटली. १५ डिसेंबर १८९० रोजी अटक करायला आलेल्या, त्याच्याच जमातीतल्या पोलिसांच्या गोळ्यांनी सिटिंग बुल मारला गेला. त्या वेळी बंदुकांचे बार ऐकताच तो करडा घोडा रिंगणातल्या सवयीने कसरती करू लागला, अशी एक कथा सांगतात. ती खरी आहे की नाही याचा कागद नाही. पण बखरीतले एखादे वाक्य कागदाहून मर्मावर बोट ठेवते, ते असे.

पुढल्या दोन आठवड्यांत, २९ डिसेंबरला, वुंडेड नी या ओढ्याकाठी कस्टरच्याच जुन्या रिसाल्याने शरण आलेल्या लाकोटांवर गोळीबार केला. सुमारे अडीचशे ते तीनशे माणसे मेली; त्यांत बायका आणि मुले फार. घोस्ट डान्सच्या पुढाऱ्यांपैकी किकिंग बेअर, शॉर्ट बुल आणि आणखी वीसेक जणांना कैदेत टाकले. १८९१ साली ते कोडीच्या हवाली झाले, आणि बफेलो बिलच्या ताफ्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाले. कालचे कैदी आज रिंगणात हरण्यासाठी उभे.

यावरून या लोकांना निव्वळ बाहुल्या समजणे मात्र अन्यायाचे होईल. राखीव मुलखात त्यांच्या धार्मिक नृत्यांवर बंदी होती. पोरांचे केस कापून त्यांना सरकारी शाळांत धाडले जात होते. कोडीच्या रिंगणात त्यांना आपला पोशाख घालता येई, घोडा फेकता येई, आपली गाणी गाता येत, आणि त्याचा पगार मिळे. सोंग म्हणून का होईना, घरी जे निषिद्ध ते तिथे जिवंत होते. पुष्कळांनी हा सौदा डोळसपणे केला.

शिकागो, १८९३

१८९० च्या शिरगणतीनंतर सरकारी अहवालात नोंद झाली की, आता सरहद्दीची रेषा म्हणून दाखवता येईल अशी काही उरलेली नाही. १२ जुलै १८९३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने जमलेल्या इतिहासकारांपुढे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाने त्या नोंदीवरून निबंध वाचला. त्याचा सिद्धांत असा : मोकळ्या जमिनीकडे सरकत राहण्यातूनच अमेरिकन स्वभाव आणि अमेरिकन लोकशाही घडली, आणि तो अध्याय आता मिटला. त्याच उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या कुंपणाला लागूनच बफेलो बिलचा तंबू ठोकलेला होता. आत जागा नाकारली म्हणून त्याने बाहेर जागा घेतली, आणि तिथे लोकांची रीघ लागली.

प्राध्यापकाच्या निबंधात नांगर होता, पिस्तूल नव्हते. कोडीच्या तंबूत पिस्तूल होते, नांगर नव्हता. पण एका बाबतीत दोघांचे एकमत होते. जमीन ‘मोकळी’ होती, हे दोघांनीही धरून चालले. ज्या जमिनीसाठी इतके तह करावे आणि मोडावे लागले, ती मोकळी कशी?

सोंगाची फीत

पुढचा पसारा चित्रपटाने मांडला. १८९४ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीत एडिसनच्या स्टुडिओने कोडीच्या ताफ्यातल्या लाकोटांना कॅमेऱ्यापुढे नाचवले, आणि एका छोट्या पट्टीला नाव दिले ‘घोस्ट डान्स’. वुंडेड नीला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. १९०३ साली एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा बारा मिनिटांचा मूकपट आला आणि वेस्टर्नचा साचा पडला; तोही पश्चिमेत नव्हे, न्यू जर्सीतच चित्रित झालेला. ज्यांचे चित्रपट निघत होते ती माणसेही अजून हिंडती-फिरती होती. बँकलुटीबद्दल चौदा वर्षे तुरुंगात काढलेला एमेट डाल्टन १९१८ च्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करून गेला. टूम्स्टोनचा वायट अर्प म्हातारपणी लॉस एंजेलिसला राहिला, चित्रपटवाल्यांत वावरला. १९२९ साली तो वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत पडद्यावरचे दोन नामांकित काउबॉय होते – विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स.

यातला सर्वांत विलक्षण प्रकार १९१३ सालचा. म्हाताऱ्या कोडीने खरा रिसाला मागवला, खऱ्या लाकोटांना बोलावले आणि वुंडेड नीच्या त्याच जागी त्याच हत्याकांडाचे चित्रीकरण केले. बोलावलेल्यांत त्या दिवसातून वाचलेलेही होते. जिथे आपली माणसे पुरली तिथेच पुन्हा पडून दाखवायचे, ही त्यांची भूमिका. त्या चित्रपटाचा बहुतेक भाग आज नष्ट झाला आहे.

बोलपटाच्या काळात या बखरीला मोठा कलावंत लाभला तो जॉन फोर्ड. १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून त्याने युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचे मॉन्युमेंट व्हॅलीचे तांबडे सुळके जगाच्या ओळखीचे केले. हा मुलूख नावाहो जमातीचा. मंदीच्या त्या दिवसांत मजुरीची गरज होती. नावाहो लोक पडद्यावर कधी अपाची झाले, कधी कोमांची, कधी शायन, आणि दर वेळी घोड्यावरून पडले.

पण फोर्डच्या मनाला हळूहळू शंका ग्रासू लागली असावी. १९५६ च्या ‘द सर्चर्स’चा नायक द्वेषाने आतून पोखरलेला आहे. १९६२ च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये एका गुंडाला मारल्याच्या कीर्तीवर एक वकील सिनेटर होतो, गोळी खरी झाडलेली असते अंधारात उभ्या दुसऱ्याच कुणी. म्हातारपणी सिनेटर सत्य सांगतो, तर वर्तमानपत्राचा संपादक ते छापायला नकार देतो. दंतकथा कशी टिकते याचे इतके सरळ उत्तर एखाद्या इतिहासकारालाही सुचले नसते. १९६४ साली त्याने ‘शायन ऑटम’ काढला : १८७८ साली ओक्लाहोमाच्या छावणीतून आपल्या उत्तरेकडच्या घरी पायी निघालेल्या शायनांची कथा. प्रमुख भूमिका पुन्हा परक्या नटांना, आणि शायनांच्या गर्दीत तेच नावाहो. शायन म्हणून ते नावाहो भाषेत काहीतरी भलतेच चावट बोलून घेत आणि दिग्दर्शकाला पत्ता नसे, असे सांगतात. पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाला आपल्या घराण्यातली आणखी एक गोष्ट ठाऊक असणार. १८६४ साली नावाहोंनाही फौजेने शेकडो मैल चालवत परमुलखात नेऊन कोंडले होते, आणि १८६८ च्या तहानंतर ते चालतच घरी परतले होते. दुसऱ्याच्या घरवापसीचे सोंग घेताना त्यांच्या मनात काय आले असेल, ते कुणी चित्रित केले नाही.

२०२३ साली मार्टिन स्कॉर्सेसीने ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मध्ये १९२० च्या दशकात ओक्लाहोमात झालेले ओसेज लोकांचे खून दाखवले. त्यात बेधडक स्वार नाही. तेलाचे वारसाहक्क आहेत, सरकारने लादलेले पालक आहेत, विम्याचे कागद आहेत, लग्ने आहेत. ओसेज भाषा आणि ओसेज माणसे आहेत. घोड्यामागचे ते दफ्तर पडद्यावर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

बखरी टाकाऊ नसतात. एखाद्या समाजाला आपण कसे असावे असे वाटत होते, ते बखरीतूनच कळते. एकट्याने अन्यायापुढे उभे राहण्याचे वेस्टर्नचे स्वप्न काही वाईट स्वप्न नव्हे, म्हणून तर ते जगभर चालले. फक्त चित्रपट संपताना क्षितिजाकडे जाणाऱ्या स्वारावरची नजर काढून मागच्या जमिनीकडेही पाहावे. ब्लॅक हिल्स सरकारने १८७७ साली कायदा करून काढून घेतले. त्यासाठी सू लोकांनी चालवलेल्या दाव्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९८० रोजी दिला : घेतलेल्या जमिनीची भरपाई सरकारने दिलीच पाहिजे, आणि ती व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर. सू लोकांनी ती रक्कम घेतली नाही. तिच्यावर व्याज चढत चढत ती आता एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली आहे, आणि अजून सरकारी खजिन्यातच पडून आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, डोंगर विकायला काढलेलेच नव्हते.